गिअर ऑइल भरण्याच्या घरगुती रीती : एक मागोवा

इंजिनात तेल वरून ओतता येते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये ते गाडीच्या पोटाखालून, आडव्या भोकातून चढवावे लागते. बहुतेक गाड्यांत हे भोक, म्हणजे फिलर प्लगची जागा, हाउसिंगच्या कुशीत असते आणि ते मुद्दामच तिथे ठेवलेले असते. भोकाची खालची कड हीच तेलाच्या पातळीची खूण. तेल तिथपर्यंत आले की बाहेर ओघळू लागते आणि भरणे थांबवायचे असते. त्यामुळे पातळी पाहणे सोपे झाले, पण भरणे अवघड. वर जेमतेम वीतभर जागा, तेल दाट आणि बाटली उपडी करायला वाव नाही. या अडचणीवर गेल्या शंभर वर्षांत लोकांनी काढलेले उपाय गाड्यांच्या रचनेबरोबर बदलत गेले.

फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टीमध्ये हा प्रश्न फारसा नव्हता. तिचे गिअर इंजिनाच्याच तेलात फिरत आणि मागच्या ॲक्सलमध्ये ग्रीस भरले जाई. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल एचा गिअरबॉक्स वेगळा होता. त्यात वाफेच्या इंजिनांच्या सिलिंडरांना लागणारे ‘६०० डब्ल्यू’ जातीचे तेल घालत. थंडीत ते काकवीसारखे जड होई.

खरा बदल हायपॉइड गिअरमुळे झाला. १९२६ च्या सुमारास पॅकार्डने हे गिअर आपल्या मोटारींत आणले. पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेखाली बसवल्याने प्रोपेलर शाफ्ट खाली आला आणि गाडीची बैठकही खाली घेता आली. मात्र या रचनेत दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. त्या दाबाखाली साध्या तेलाचा थर तुटतो. म्हणून गंधक, फॉस्फरस अशी द्रव्ये मिसळलेली तेले आली; गिअर ऑइलचा उग्र वास त्या गंधकाचा. आता डिफरन्शियलमध्ये ग्रीस कोंबून भागणार नव्हते. ठरावीक जातीचे, दाट पण वाहते तेल ठरावीक पातळीपर्यंत भरणे भाग होते.

या गरजेतून पिचकारी रूढ झाली. नळकांडे, आत चामड्याचा किंवा रबराचा वायसर लावलेला दट्ट्या आणि तोंडाशी लवचीक नळी, एवढेच तिचे भाग. डब्यात नळी बुडवून दट्ट्या ओढायचा, नळी भोकात घालायची आणि दट्ट्या सावकाश दाबायचा. कारखान्यात तयार झालेली सक्शन गन आणि घरी जुळवलेली पिचकारी यांचे तत्त्व एकच. मोठी वैद्यकीय सिरिंज हे तिचेच अलीकडचे रूप. १०० मिलीलिटरच्या सिरिंजने दोन लिटर तेल भरायला वीस खेपा होतात. काम संथ होते, पण तेल सांडत नाही आणि किती गेले ते मोजता येते.

भारतात हा विषय जीपपासून सुरू झाला असे म्हणता येईल. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. चारही चाकांना जोर देणाऱ्या या गाडीत गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल अशा तेलाच्या चार जागा असतात. अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांत अशा जागा दोन. गॅरेजात खड्ड्यात उतरून मिस्त्री तेलाची कुप्पी किंवा पिचकारी वापरू शकतो. घरी खड्डा नसतो. तिथे गाडी जॅकने उचलून चारही बाजूंना घोड्या लावाव्या लागतात. फक्त मागची बाजू उचलली तर हाउसिंग कलते आणि भोकाची कड खोटी पातळी दाखवते.

काही गाड्यांनी वरून भरण्याचीही सोय दिली. १९६२ मध्ये आलेल्या ब्रिटिश एमजीबीच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्सची डिपस्टिक गाडीच्या आतून, फरशीतील रबरी बूच काढल्यावर हाती लागे. १९५९ च्या मिनीने तर वेगळे तेलच ठेवले नाही. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलातच बसवलेला होता. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिलबरोबर हायड्रा-मॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आला. पुढे अशा गाड्यांत बॉनेटखालून वर येणारी डिपस्टिकची नळी रूढ झाली आणि लांब नळीचे नरसाळे एवढेच घरगुती साधन पुरे झाले.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० रस्त्यावर आली आणि भारतीय मोटारींची मांडणी बदलली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाडीत गिअर आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात, एकाच तेलात असतात. मागचे डिफरन्शियल गेले, पण भोक आता इंजिनाच्या दाटीत दडले. यावर नरसाळ्याला लांब नळी जोडून ती बॉनेटमधून खाली फिलरच्या भोकापर्यंत नेण्याची रीत रुळली. काही गाड्यांत स्पीडोमीटरच्या केबलचा गिअर काढला की त्याच भोकातून वरून तेल घालता येते; अशा वेळी पातळी मात्र बाजूच्या प्लगवरच पाहायची.

नरसाळ्याच्या रीतीत यश ठरते ते नळीवर. गवंडी पाण्याची पातळी घ्यायला वापरतात तसली पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तीतून तेल उतरताना दिसते. तेलाला ढकलणारा जोर फारच थोडा असतो. एक मीटर उंचीवरच्या बाटलीतून मिळणारा दाब हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. म्हणून नळी रुंद आणि आखूड हवी. आतला व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाने सोळापट तेल वाहते. तेल कोमट केल्यानेही मोठा फरक पडतो. ‘८० डब्ल्यू–९०’ जातीचे नेहमीचे तेल ४० अंश सेल्सिअसला १०० अंशांच्या मानाने सुमारे दहापट दाट असते आणि हिवाळ्याच्या सकाळी त्याहूनही बरेच. बंद बाटली गरम पाण्याच्या बादलीत काही वेळ ठेवणे पुरते. चुलीवर किंवा गॅसवर तेल तापवणे धोक्याचे.

प्लॅस्टिकचे डबे सर्रास झाल्यावर आणखी दोन साधने आली. एक, डब्याच्या तोंडावर बसणारा हातपंप. दुसरे, बागेत औषध फवारण्याचा पंप : त्याचे नोझल काढून जागी नळी लावायची आणि थोडी हवा भरून तेल चढवायचे. त्याचेच धाडसी रूप म्हणजे बाटलीच्या बुचात ट्यूबचा व्हॉल्व बसवून सायकलच्या पंपाने हवा भरणे. ही रीत टाळावी. साधी बाटली दाबासाठी बनवलेली नसते. ती फुटली तर तेल आणि तुकडे खाली आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडावर येतात.

२००० नंतर स्वयंचलित गिअरबॉक्समधून डिपस्टिक हळूहळू नाहीशी झाली. फोक्सवॅगनच्या २००३ मधील सहा गिअरच्या डीएसजीमध्ये तेल तळाच्या भोकातून वर चढवतात. भोकात आटे असलेला जोड बसवून त्याची नळी उंच टांगलेल्या बाटलीला लावतात. इंजिन चालू ठेवून तेल ३५ ते ४५ अंशांवर आले की आतल्या ओव्हरफ्लो नळीतून जास्तीचे तेल थेंबथेंब गळू देतात. थंड तेलावर पातळी धरली तर ती चुकते, कारण तापल्यावर तेल फुगते. इथे नळी आणि बाटलीइतकाच तापमान वाचणाऱ्या यंत्राला मान आला.

या सगळ्या प्रवासात काही नियम बदललेले नाहीत. आधी फिलर प्लग सैल करून पाहायचा, मगच खालचा ड्रेन प्लग उघडायचा. उलट केले आणि फिलर गंजून अडकलेला निघाला तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागची हलवता येत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा दिसणे नेहमीचे. धातूचे कपचे दिसले तर खोके उघडावे लागते. तेलाची जात गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यायची. डिफरन्शियलला चालणारे जीएल–५ तेल पितळी सिंक्रो रिंग असलेल्या काही गिअरबॉक्सना मानवत नाही. तिथे जीएल–४ सांगितलेले असते. जास्त भरलेले तेल फेसाळते, सीलमधून झिरपते आणि मागच्या ॲक्सलमधून ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोहोचू शकते. जुने तेल गटारात किंवा मातीत न सांडता परवानाधारक पुनर्प्रक्रियेकडे जाईल अशा ठिकाणी द्यायचे. भारताच्या २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडते.

विजेवरच्या मोटारीत इंजिन आणि नेहमीचा गिअरबॉक्स नसला, तरी मोटर आणि चाकांच्या मध्ये वेग कमी करणारे गिअर असतातच आणि त्यांनाही तेल लागते. त्यांतल्या अनेकांच्या हाउसिंगला बाजूने फिलर प्लग असतो. म्हणून पिचकारी, नळी आणि हातपंप या गाड्यांच्या काळातही कामाचे राहतील आणि तेल योग्य पातळीला आहे की नाही हे भोकाच्या कडेवरूनच ठरेल.