'गिफ्ट' : देणगी, विवाह आणि विष

इंग्रजीतून मराठीत आलेला 'गिफ्ट' हा शब्द भेटवस्तू या एकाच अर्थाने आपल्या परिचयाचा आहे. याच वर्णांनी लिहिला जाणारा शब्द जर्मनमध्ये 'विष' या अर्थी येतो. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या भाषांत तो नाम असेल तर 'विष' आणि विशेषण असेल तर 'विवाहित' असा अर्थ देतो. रूपाने सारख्या पण अर्थाने फसविणाऱ्या अशा शब्दांना 'खोटे मित्र' म्हणण्याची प्रथा केसलेर व देरॉकिन्यी यांच्या १९२८ मधील फ्रेंच ग्रंथापासून रूढ झाली. 'गिफ्ट'ला मात्र त्या यादीत बसवून मोकळे होता येत नाही. येथील सारखेपणा योगायोगाचा नव्हे. तिन्ही अर्थ 'देणे' या एकाच क्रियेपासून निघालेले आहेत.

यांपैकी विवाहाचा अर्थ उलगडण्यास सोपा आहे. प्राचीन इंग्रजीत हा शब्द वधूमूल्यासाठी वापरला जाई आणि त्याच्या अनेकवचनाचा अर्थ विवाहसमारंभ असा होई. देणगी हा आजचा अर्थ आणि शब्दारंभीचा कठोर 'ग' ही दोन्ही स्कँडिनेव्हियन संपर्काची देणी होत. मूळ इंग्रजी उच्चार चालू राहिला असता तर आज 'यिफ्ट' असे म्हणावे लागले असते. (स्वीडिशमध्ये लेखनात 'ग' असूनही उच्चार 'यिफ्ट' असाच होतो.) स्वीडिश विशेषण हे मुळात 'लग्नात दिलेली' अशा अर्थाचे धातुसाधित असून प्रारंभी ते वधूपुरतेच होते, पुढे ते वरालाही लागू झाले. 'कन्यादान' हा शब्द ज्यांच्या नित्य वापरात आहे त्यांना या अर्थविकासाचे नवल वाटू नये. जर्मनमध्येही हुंड्याला 'मिटगिफ्ट', म्हणजे 'सोबत दिलेले', म्हणतात. विषवाचक शब्दाशेजारी हा जुना अर्थ तेथे असा टिकून आहे.

खरा प्रश्न विषाचा आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे देणे, देणगी. त्याला विषाचा अर्थ चिकटला तो वैद्यकाच्या मार्गाने, असे भाषाशास्त्रात सामान्यतः मानले जाते. ग्रीक 'दोसिस'चा शब्दार्थ 'देणे' असा असून वैद्य तो औषधाच्या मात्रेसाठी वापरीत. तो लॅटिनमध्ये गेला आणि जर्मनने त्याचे अनुवादित आदान केले. विषाचे नाव उघडपणे न घेता 'दिलेली मात्रा' म्हणणे हे मंगलभाषणच होय. मराठीत रोगाला 'देवी' म्हणण्यामागे हीच वृत्ती होती. फ्रेंच व इंग्रजीतील 'पॉयझन'ही लॅटिनमधील 'पेय' या अर्थाच्या निरुपद्रवी शब्दापासून आला आहे. विषार्थ प्रबळ होताच देणगीचा अर्थ जर्मनमधून मागे हटला आणि त्याची जागा 'गाबे' व 'गेशेंक' या शब्दांनी घेतली.

मार्सेल मोस यांना ही उपपत्ती पुरेशी वाटली नाही. १९२४ मधील 'गिफ्ट, गिफ्ट' या छोट्या लेखात आणि नंतर दानविषयक प्रसिद्ध निबंधात त्यांनी असे सुचविले की, प्राचीन जर्मानिक समाजात देणगी बहुधा पेयाच्या रूपाने दिली जाई. ते पेय हितकारक की घातक, हे घेणाऱ्यास आधी कळत नसे. दान स्वीकारणाऱ्यास बांधून टाकते, म्हणून ते धोक्याचे. सामान्य व्यवहारातील वस्तूला लोकभाषेने विद्वानांचा शब्द का घ्यावा, हा त्यांचा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. याच निबंधात त्यांनी महाभारताच्या अनुशासनपर्वातील दानधर्माचा ऊहापोह केला आहे, हे मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावे.

तथापि शब्दाच्या भौगोलिक प्रसाराकडे पाहिले असता मोस यांची बाजू लंगडी पडते. दानातील विषशंका मूळ जर्मानिक असती, तर तिचा माग सर्वत्र लागावयास हवा होता. प्रत्यक्षात इंग्रजीत विषार्थ नाही. आइसलँडिकमध्ये या धातूपासून विवाहवाचक शब्द आहेत, पण विषाला 'एटुर' हा वेगळाच शब्द आहे. स्कँडिनेव्हियाच्या मुख्य भूमीवर विषार्थ पोचला तो मध्ययुगीन निम्न जर्मनच्या प्रभावातून. डचमध्ये 'गिफ्ट' ही देणगी आणि 'गिफ' हे विष, अशी विभागणी झाली. साहित्यसमीक्षेत 'देणगीतच विष दडलेले असते' हे सूत्र या शब्दाच्या आधारे मांडले जाते, तेव्हा भाषेचा पुरावा त्या सूत्राला आधार देत नाही.

मोस यांच्या मूळ विचाराला भाषेचा आधार मिळतो तो दुसरीकडे. एमिल बेंव्हनिस्त यांनी १९५१ च्या लेखात दाखविले की संस्कृत 'दा' आणि ग्रीक 'दोसिस' ज्या धातूपासून आले, त्याच धातूचा हित्ती भाषेत 'घेणे' असा अर्थ आहे. 'गिफ्ट'चा धातूही सामान्यतः लॅटिनमधील 'जवळ असणे' आणि प्राचीन आयरिशमधील 'घेणे' या अर्थांच्या क्रियापदांशी जोडला जातो. दान आणि आदान या संस्कृत शब्दांत तर धातू तोच आहे. फरक केवळ 'आ' या उपसर्गाचा.