गर्भारपणातील घोरणे आणि स्लीप ॲप्निया

किन्हीराजा व आसपासच्या गावांतून तपासणीस येणाऱ्या गर्भवती भगिनींना रक्तदाब, रक्तातील साखर व हिमोग्लोबिन यांविषयी विचारले जाते. झोपेतील श्वासाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. आणि विचारले तरी निजलेल्या स्त्रीला ते ठाऊक कसे असणार? म्हणूनच या अहवालात आम्ही हा विषय मुद्दाम मांडीत आहोत.

गर्भारपणात वजन वाढते व नाकाचे अस्तर सुजते. त्यामुळे काही स्त्रियांचा घशातील श्वासमार्ग झोपेत मिटतो. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि झोप मोडते. हे रात्रीत अनेकदा घडते. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. प्रथमच गर्भवती असलेल्या सुमारे तीन हजार स्त्रियांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात हा विकार सुरुवातीच्या महिन्यांत शेकडा ३.६, तर मधल्या महिन्यांत शेकडा ८.३ स्त्रियांत आढळला. अशा स्त्रियांत गर्भारपणातील रक्तदाब व मधुमेह यांचे प्रमाणही अधिक होते.

प्रत्येक घोरणे म्हणजे आजार नव्हे. परंतु मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरून जागे होणे किंवा दिवसा अनावर झोप येणे ही लक्षणे पती, सासूबाई अथवा आई यांनी डॉक्टरांना अवश्य सांगावीत. बोट, छाती व नाक यांना जोडावयाच्या लहान उपकरणाने ही तपासणी घरीही करता येते.

उपचारात मुखवट्याद्वारे सौम्य दाबाची हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवतात. हे 'सीपॅप' यंत्र सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. यात औषध नसल्याने बाळाच्या रक्तात काहीही जात नाही. लहान अभ्यासांत याने मातेचा रक्तदाब कमी झालेला दिसला आहे. बाळास होणाऱ्या लाभाविषयी संशोधन चालू आहे. रक्तदाब व मधुमेहाची औषधे मात्र बंद करू नयेत. कुशीवर झोपावे, झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि सिझेरियन ठरल्यास भूलतज्ज्ञांस या विकाराची पूर्वकल्पना द्यावी.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी जाते. अशा वेळी यंत्र व तपासणीची कागदपत्रे तिच्यासोबत जावीत आणि रात्री वीज गेल्यास काय करावयाचे, हेही आधी ठरवावे. प्रसूतीनंतर पुन्हा तपासणी करावी. अनेकींचा त्रास तेव्हा कमी होतो.

अनेक मातांना हे यंत्र काही महिनेच लागते. तेवढ्यासाठी ते विकत घेणे शेतकरी वा मजूर कुटुंबास जड जाते. रुग्णालयाने यंत्र उसने द्यावे व मुखवटा प्रत्येकीस नवा द्यावा, असे केल्यास एकाच यंत्राचा उपयोग एकामागून एक अनेक मातांना होईल. विश्वस्त मंडळाने व दानशूर हितचिंतकांनी या सूचनेचा अगत्यपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती.