आयकर खात्याचा मेल आलाय? आधी पत्त्याचं शेपूट बघा

रिटर्न भरण्याचे दिवस आले की खऱ्या मेलसोबत खोटेही येऊ लागतात. ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, बँक खात्याची माहिती तपासा’ हा एक प्रकार. ‘तुमच्या रिटर्नमध्ये गडबड आढळली, 24 तासांत उत्तर न दिल्यास कारवाई’ हा दुसरा. एक लालूच दाखवतो, दुसरा घाबरवतो. या फसवणुकीला फिशिंग म्हणतात.

‘आमचं उत्पन्न ते केवढं, आम्हाला कोण फसवणार?’ असं बरेच जण म्हणतात. पण रिफंडची वाट बघणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. उमराचं पॅकेज घेतलं की टूरवाला त्यावर टीसीएस घेतो. तुम्हाला कर लागत नसेल तर ते पैसे रिटर्न भरून परत मिळतात. कोकणातली कितीतरी मुलं आखातात नोकरीला आहेत. त्यांच्या इथल्या एनआरओ खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापते, आणि तोही रिटर्न भरूनच परत मागावा लागतो. मुलगा दुबईत, रिटर्न भरणारा सीए महाडला आणि मेल उघडतो तो घरी अब्बांच्या फोनवर. रिफंड खरोखरच यायचा असतो, म्हणून खोटा मेलही खरा वाटतो. ठगाला यातलं काही ठाऊक नसतं. तो एकच मेल हजारो पत्त्यांवर सोडून देतो, कुठेतरी बरोबर लागतो.

2023 मध्ये 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा एक मेसेज फिरत होता. त्यात खाते क्रमांकाचे अर्धेमुर्धे आकडे होते आणि ‘हा क्रमांक चुकीचा असेल तर लिंकवर जाऊन दुरुस्त करा’ असं लिहिलेलं. क्रमांक चुकीचा असणारच होता, खरी मेख तिथेच होती! माणूस घाईघाईने दुरुस्त करायला जातो आणि आपला खरा नंबर स्वतःच्या हाताने देऊन बसतो. पीआयबी फॅक्ट चेकने तो मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं होतं.

मग ओळखायचं कसं? फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, आणि ‘इन्कम टॅक्स डिपार्टमेंट’ हे नाव कुणीही लावू शकतो. नावावर बोट ठेवलं की पूर्ण पत्ता उघडतो. तो पत्ता उर्दूसारखा उजवीकडून वाचा. शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा हवा आणि त्याच्या लगेच आधी ‘इन्कमटॅक्स’. शेवटी ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑनलाइन’ किंवा नुसतंच ‘डॉट इन’ असेल, तर पुढे कितीही वेळा इन्कमटॅक्स लिहिलेलं असो, तो मेल खात्याचा नाही. अर्थात, पाठवणाऱ्याचा पत्ताही नकली दाखवता येतो. म्हणून पत्ता बरोबर दिसला तरी मेलमधली लिंक दाबू नये. ब्राउझरमध्ये ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ स्वतः टाइप करा आणि लॉगिन करून बघा. खरी नोटीस असेल तर ती ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये दिसेल.

नोटिशीची धास्ती जास्त असते. सरकारी कागद म्हटलं की आपल्या घरांत आधी छातीत धस्स होतं, विचार नंतर. ठग नेमकं यावरच पोट भरतात. ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर ‘डीआयएन’ नावाचा क्रमांक असतो. पोर्टलवर लॉगिन न करताही ‘ऑथेंटिकेट नोटीस’ या सोयीत तो टाकून नोटीस खरी की खोटी हे कळतं. अपवाद सोडले तर डीआयएन नसलेल्या पत्राला घाबरायचं कारण नाही. तरी शंका असेल तर सीएला दाखवा.

रिफंडचं तर आणखी सोपं आहे. तो पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी खातं कुणालाही पिन, पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मेलने विचारत नाही. ‘रिफंड सोडवायला आधी एवढी फी भरा’ म्हणणारा तर सरळ चोरच.

एपीके फाइलपासून मात्र फारच सावध राहा. सप्टेंबर 2021 मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या मालवेअरबद्दल इशारा दिला होता. आयकर खात्याच्या नावाने मेसेज, हुबेहूब दिसणारी वेबसाइट आणि तिथून अ‍ॅप डाउनलोड करायला लावणं, असा तो डाव होता. एकदा ते अ‍ॅप फोनमध्ये शिरलं की बँकेची माहिती त्यांच्या हाती.

आणि कुणी फसलंच तर? अम्मी किंवा घरातली सून ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहते, तेवढ्यात पैसे तीन-चार खात्यांतून पुढे सरकतात. त्यामुळे रागवायचं ते नंतर. आधी बँकेला फोन करून खातं आणि कार्ड बंद करायला सांगा, मग लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार होते. ई-फायलिंगचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, कारण पहिल्यात काही शिरलं असेल तर नवा पासवर्डही जाईल. खोटा मेल पुसू नका, तो पुरावा आहे. पैसे गेले नसले तरी तो वेबमॅनेजर अ‍ॅट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर पाठवून द्या.