मेंढी गाभण राहत नाही? आधी कंबर चाचपून बघा

उन्हाळ्यात खंगलेल्या कळपात पहिल्या पावसाला नर सोडतात. मग मेंढ्या माजावर येत नाहीत, आल्या तरी उलटतात. माज हुकला की 17 दिवस गेले, हंगाम हुकला तर कोकरूच गेलं. बोल मात्र नराला!

लोकरीमुळं नजर फसते. शेवटच्या बरगडीमागं कमरेवर हात दाबून बघावा. कणा टोकदार लागला तर मेंढी रोड. लागलाच नाही तर चरबी जास्त, तीही अडचणीचीच.

रोड मेंढ्यांना नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 200 ते 250 ग्रॅम मक्याचा भरडा द्यावा. एकदम नको, पोट बिघडतं. नराचा खुराक मात्र दोन महिने आधी सुरू करावा. वीर्य तयार व्हायलाच सात आठवडे लागतात.