फ्लॉवर बेडचे पैसे

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने जुनं घर विकायला काढलेल्यांची झोप उडवली. दीर्घकालीन नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून साडेबारावर आला, हे ऐकायला गोड होतं. पण महागाईच्या प्रमाणात खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, त्याच झटक्यात गेली. २०१०-११ साली ६० लाखांना घेतलेला फ्लॅट घ्या. त्या वर्षीचा निर्देशांक १६७, २०२४-२५ चा ३६३. जुन्या हिशोबाने खरेदीची किंमत १ कोटी ३० लाखांच्या थोडी वर जाते. म्हणजे १ कोटी ३० लाखांना विकला तर नफाही नाही आणि करही नाही. नव्या हिशोबाने नफा ७० लाख आणि कर पावणेनऊ लाख. ओरड झाली, तेव्हा सरकार दोन पावलं मागे सरलं आणि त्या तारखेआधी घेतलेल्या घरांना दोन्हींपैकी स्वस्त पडेल तो हिशोब निवडायची मुभा मिळाली. तीही फक्त निवासी भारतीयांना. आईवडिलांच्या माघारी कोथरूडचा किंवा मुलुंडचा फ्लॅट विकायला न्यू जर्सीहून आलेल्या मुलाला ती नाही. शिवाय त्याच्याकडून घर घेणाऱ्याने एक टक्का नव्हे, तर साडेबारा टक्के आणि वर अधिभार कापून ठेवायचा. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणला नाही, तर ही कपात नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर होते.

या गडबडीत कपाटांतले करारनामे बाहेर निघाले. त्यांतले बरेच २००५ ते २०१५ या दशकातले. कराचं कोडं सी.ए. सोडवतो. त्या करारनाम्यांत मात्र जे काही लिहिलेलं आहे, आणि त्याहून जास्त म्हणजे जे लिहिलेलं नाही, ते आज विकणाऱ्याच्या गळ्यात आहे.

त्याआधीचा इतिहास झटपट उरकता येतो. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला, भाडी गोठली, चाळमालकांनी दुरुस्त्या सोडल्या आणि पागडी बोकाळली. १९६३ साली मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा, आला. १९७६ ला नागरी जमीन कमाल धारणा कायदा, १९७७ ला गृहकर्ज देणारी एचडीएफसी. यांतला मोफा तेवढा लक्षात ठेवण्याजोगा. किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त पैसे घेण्याआधी नोंदणीकृत करार करायचा आणि सोसायटी झाली की चार महिन्यांत जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं, असं त्यात आणि त्याच्या नियमांत स्वच्छ लिहिलं आहे. चुकारपणाला कैदेची तरतूदही आहे. कागदावर ग्राहकाला आणखी काही मागायला जागा ठेवलेली नव्हती. अंमलबजावणी तेवढी राहून गेली.

मग २००५ उजाडलं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन डीएलएफने ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये तीच जमीन सुमारे २,७०० कोटींना लोढांकडे गेली. ज्या मातीचा भाव सात वर्षांत पावणेचारपट होतो, तिच्याभोवतीच्या शहरात पगारदार माणूस धीर धरून बसत नाही. आज नाही घेतलं तर कधीच नाही, या धास्तीवर अख्ख्या दशकाने दुकान चालवलं. २००९ च्या फेब्रुवारीत स्टेट बँकेने पहिलं वर्ष ८ टक्के व्याजाचं गृहकर्ज बाजारात आणलं, इतर बँका मागोमाग आल्या. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेने १३ वेळा दर वाढवले. हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली की कर्जदाराला दुखत नाही, हा शोध बँकांना तेव्हाच लागला. वीस वर्षांचं कर्ज सव्वीस वर्षांचं झालेलं अनेकांना स्टेटमेंट मागवल्यावरच कळलं.

या दशकाची खरी करामत मात्र मोजपट्टीत होती. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, त्यावर बिल्टअप, त्यावर सुपर बिल्टअप. जिना, लॉबी, लिफ्ट, क्लबहाउस, पाण्याची टाकी, सगळ्यांचा वाटा घरमालकाच्या माथी. याला लोडिंग म्हणत, आणि ते किती लावायचं ते बिल्डर ठरवी. हजार फुटांचा फ्लॅट म्हणून पैसे भरलेल्या माणसाला पावलं मोजताना साडेसहाशे-सातशेच्या पुढे जाता येत नसे.

आणि फ्लॉवर बेड! मुंबईच्या नियमांत बाल्कनी, ड्राय एरिया, व्हॉइड आणि खिडकीबाहेरचा फुलझाडांचा पट्टा एफएसआयमधून, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांकातून, वगळलेला असे. नकाशावर कुंड्या, प्रत्यक्षात बेडरूम. ताबा मिळण्याआधीच मधली भिंत पाडून तो पट्टा खोलीत घेतला जाई आणि चौरस फुटाच्या दराने त्याचे पैसेही वसूल होत. त्या काळचा फ्लॅट बघायला जाणाऱ्याने आजही बेडरूमच्या खिडकीजवळ उभं राहून मान वर करावी. डोक्यावरून तुळई जात असेल आणि तिच्या पलीकडे टाइल्सची रांग बदलत असेल, तर तो त्या वेळच्या नकाशातल्या मोगऱ्याच्या जागी उभा आहे. जानेवारी २०१२ मध्ये महापालिका आयुक्त सुबोधकुमार यांच्या काळात नियम बदलले. या सगळ्या जागा एफएसआयमध्ये धरल्या गेल्या आणि त्याबदल्यात निवासी बांधकामाला अधिमूल्य घेऊन ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय दिला गेला. तोवर हजारो मोगरे विकून झाले होते.

पार्किंगची गोष्ट याच जातीची. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये सांगितलं की स्टिल्टखालची किंवा उघड्यावरची जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, ती सोसायटीची. त्याआधी लोकांनी लाखांनी पैसे मोजले होते, बरेचसे रोखीत. तो रोखीचा भाग करारात नाही, इंडेक्स टू या नोंदणीच्या उताऱ्यावर नाही आणि आज नफा काढताना खरेदीच्या किमतीतही धरता येत नाही. तेव्हा ‘काळे’ देऊन वाचवलेली स्टॅम्प ड्युटी आता भांडवली नफ्याच्या रूपाने भरावी लागते.

सर्वांत चीड आणणारा प्रकार व्हॅटचा, म्हणजे मूल्यवर्धित कराचा. राज्याने २००६ मध्ये कायद्यात बदल करून बांधकाम चालू असताना विकलेली घरंही या करात आणली. बिल्डरांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते हरले. जून २००६ ते मार्च २०१० दरम्यान विकलेल्या घरांवर ५ टक्क्यांपर्यंत कर बसला. मग चार-चार वर्षं त्या घरांत राहणाऱ्या लोकांना नोटिसा गेल्या की एवढे लाख आणून भरा. करारात ‘भविष्यातील सर्व कर खरेदीदाराकडे’ हे वाक्य होतंच. सही करताना ते कुणी वाचलं नव्हतं.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडने तर वाचण्याचं महत्त्व बुलडोझर दारात उभा करून शिकवलं. ऐंशीच्या दशकात बांधलेल्या सात इमारती, परवानगी पाचच मजल्यांची. वरचे मजले पाडा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये सांगितलं. १३ नोव्हेंबरला पालिकेची यंत्रं फाटकातून आत शिरल्यावर ३१ मे २०१४ पर्यंत स्थगिती मिळाली. वाहिन्यांनी रहिवाशांचे अश्रू दिवसभर दाखवले. २०१३ च्याच ४ एप्रिलला मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं मेली. ती बातमी कॅम्पा कोलाएवढी टिकली नाही. वरळी आणि शीळफाटा यांच्या भावातला फरक बातम्यांनाही लागू असावा.

या धुमाळीत एक चांगली गोष्ट मागे पडली. एका कचेरीतले, एका शाळेतले, एका बँकेतले लोक आधी सोसायटी काढत, मग जमीन मिळवत, कंत्राटदार नेमत आणि दर महिन्याला सभेत भांडत घर बांधत. वांद्र्याचं साहित्य सहवास लेखकांनी असंच उभं केलं. खोल्या लहान, लिफ्टची बोंब, पण जमिनीचा हक्क पहिल्या दिवसापासून सभासदांचा आणि प्रत्येकाला सिमेंटच्या गोणीचा भाव ठाऊक. २०१० मध्ये कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीच्या घोटाळ्याने मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचं पद घालवलं आणि सहकारी सोसायटी म्हटलं की लोक डोळे मिचकावू लागले. सरकारी जमिनी तशाही संपत आल्या होत्या. आता सोसायटी म्हणजे ताबा मिळाल्यावर बिल्डरच्या माणसाने नोंदवून दिलेला एक कागद.

१ मे २०१७ ला रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, पूर्ण लागू झाला आणि वरची बहुतेक भोकं बुजली. कार्पेटची व्याख्या ठरली. तीत आतल्या भिंती धरल्यामुळे तेच घर कागदावर थोडं मोठं झालं, ही वेगळी गंमत. करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात राहतात, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा. त्याचा परिणाम असा की ग्राहक आता कोड बघतो आणि निश्चिंत होतो. रेराचा नोंदणी क्रमांक म्हणजे जमिनीच्या मालकीची हमी, असा समज पसरला आहे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, पोर्टलवर मालकीचा अहवाल आणि तारण-खटल्यांची माहिती बिल्डरच टाकतो. ती पानं उघडून वकिलाला दाखवणारे थोडे. तक्रारीत ग्राहकाच्या बाजूने आदेश मिळाला तरी पैसे महारेरा देत नाही, वसुली जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून व्हायची असते. आणि दोन सामान्य माणसांमधल्या जुन्या फ्लॅटच्या व्यवहाराशी रेराचा संबंधच नाही.

तिथे अजून २००५ ते २०१५ चं दशकच राज्य करतं. त्या काळातलं घर घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही पहिल्यांदा भोगवटा प्रमाणपत्र काढून बघावं. ते नसलेल्या कितीतरी इमारतींत पंधरा वर्षं संसार चालू आहेत, पाणी जादा दराने येतं, आणि कर्ज द्यायला बँक कुरकुर करते. त्यानंतर मंजूर नकाशा घेऊन तुळई आणि टाइल्स. मग पहिल्या बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करार ओळीने, प्रत्येकाच्या नोंदणीच्या पावतीसह. मधला एक हरवला असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. हे गिऱ्हाईक शोधायच्या आधी करायचं असतं, टोकन घेतल्यावर नव्हे. पार्किंगबद्दल बिल्डरचं पत्र पुरत नाही, सोसायटीचा वाटपाचा ठराव हवा.

कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाची. पुनर्विकासाची चर्चा निघाली की हा माणूस वीस वर्षांनी उगवतो आणि वाढीव एफएसआयवर हक्क सांगतो. मोफाच्या २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट दिली; जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करता येते. तरीही कितीतरी कमिट्या पुढच्या सर्वसाधारण सभेची वाट बघतात, कारण वकिलाची फी कुणी द्यायची यावर एकमत होत नाही. फ्लॅट विकून जाणाऱ्या सभासदाकडून मात्र याच कमिट्या लाखभर रुपये मागतात. २००१ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे आणि वर देणगी घ्यायला मनाई आहे. म्हणून पावती ‘स्वेच्छा देणगी’ अशी फाडतात.