बीएमआय खोटं बोलतो, पण तुमच्याच बाजूनं

"ते बीएमआय-फिएमआय आम्हाला सांगू नका. आम्ही तालमीतली माणसं. त्या हिशेबानं गंगावेशीतले सगळे पैलवान आजारी निघतील!"

कोल्हापुरात वजनाचा विषय निघाला की तो या वाक्यावर संपतो. रंकाळ्याच्या फेरीत, लग्नाच्या पंगतीत, अगदी साखर तपासायला आलेल्यांच्या रांगेतसुद्धा हेच ऐकू येतं. बोलणारा बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेला असतो, शर्टाचं पोटावरचं बटण कसंबसं तग धरून असतं आणि आजूबाजूचे माना डोलावत असतात. इथं अंगानं भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, आणि बारीक माणूस दिसला की "काय रे, आजारी होतास का?" अशा गावात पैलवानाचा दाखला दिला की वाद मिटतो. तो इतक्या सहज मिटू नये असं मला वाटतं.

त्या वाक्यातलं अर्धं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. बस्स, एवढंच. हे सूत्र कुणा डॉक्टरनं शोधलेलंही नाही. अ‍ॅडॉल्फ केतले हा बेल्जियमचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. 'सरासरी माणूस' कसा असतो याच्या नादात त्यानं १८३०च्या दशकात उंची आणि वजनाचं हे नातं मांडलं. त्याला आजचं नाव मिळालं १९७२ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांच्या शोधनिबंधात. हजारो लोकांची ढोबळ पाहणी करायला सूत्र सोयीचं आहे, पण वजनातलं मांस किती, चरबी किती, हे त्याला कळत नाही. १७८ सेंटिमीटर उंचीच्या, शंभर किलोच्या पैलवानाचा बीएमआय येतो ३१.६. तक्ता त्याला सरळ लठ्ठ ठरवतो, आणि तो तर पहाटेपासून जोर-बैठका मारून, हौद्यात लढती करून घाम गाळत असतो.

जपानच्या सुमो पैलवानांचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्यांच्या अंगावर चरबीही भरपूर असते. पण तिथल्या संशोधकांनी पोटाचे स्कॅन काढले तेव्हा ती बहुतेक कातडीखाली सापडली. आतड्यांभोवती साचणारी, मधुमेह आणि हृदयविकाराला वाट करून देणारी चरबी त्यांच्यात फार थोडी होती. श्रेय अर्थातच रोजच्या मेहनतीचं. जानेवारी २०२५मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या तज्ज्ञ आयोगानंही सांगून टाकलं की, अपवाद सोडले तर नुसत्या बीएमआयवरून कुणाला लठ्ठपणाचा रुग्ण म्हणू नका, कंबर मोजा, शरीरात बिघाड झालाय का ते बघा.

म्हणजे पैलवानाच्या बाबतीत बीएमआय चुकतो. मान्य. पण तुम्ही पैलवान आहात का?

आपल्या पेठांमधून तालीम मंडळं उदंड आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं आज ऐकू येतात ती शाहू स्टेडियमवर, फुटबॉलच्या मोसमात. बऱ्याच जणांचं तालमीशी नातं म्हणजे संध्याकाळचा कट्टा, गणपती आणि रविवारची मॅच. त्यात वाईट काहीच नाही, पण कट्ट्यावर बसून मांड्या भरत नाहीत. दुसरे असतात ते खरोखर कुस्ती खेळलेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खासबागेत जोड धरलेले, मग नोकरी लागली, गुडघा दुखावला, तालीम सुटली. मेहनत सुटते, खुराक मात्र सुटत नाही. दूध, तूप, बदाम, मटण सगळं पूर्वीच्या मापानं सुरू राहतं. अशा माणसाच्या पोटाकडे बघून लोक म्हणतात, "तालीम सोडली की अंगाची चरबी होते, म्हणून पोराला कुस्तीत घालू नका." हाही गैरसमजच. स्नायूची चरबी होत नाही, त्या वेगवेगळ्या पेशी आहेत. न वापरलेला स्नायू झिजतो आणि न जळलेलं तूप साठतं. दोन्ही एकाच वेळी होतं म्हणून एकाचं दुसरं झाल्यासारखं दिसतं, इतकंच.

आता त्या वाक्यातलं चुकीचं अर्धं. बीएमआय चुकतो हे खरं, पण आपल्यासारख्या साध्या, बैठं काम करणाऱ्या भारतीय माणसाच्या बाबतीत तो उलट्या दिशेनं चुकतो. अंगात चरबी असते जास्त, आणि आकडा दाखवतो ठीकठाक. पैलवानाला तो उगाच दोषी ठरवतो आणि तुम्हाला पुराव्याअभावी सोडून देतो.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे दोन फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे दोघंही तक्त्यात पास. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन निघाले ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत जाणं, अशी मिश्कील कबुली याज्ञिकांनी तिथंच देऊन ठेवली होती. पण फरक काही फक्त व्यायामाचा नाही. याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या गावांत १९९०च्या दशकात गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. वजनात एवढा फरक, मांसात आणि पोटातल्या अवयवांतही आपली बाळं उणी, चरबी मात्र जवळजवळ राखलेली. दिसायला रोड, आतून चरबीदार. हे शरीर घेऊनच आपण जन्माला येतो आणि पुढं त्यावर खुराकाचे थर चढवतो.

म्हणूनच युरोपातल्या लोकांवरून ठरलेली २५ची रेघ आपल्याला चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये आशियाई लोकांसाठी २३पासूनच सावध व्हायला सांगितलं. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९मध्ये एकमतानं ठरवलं की २३च्या पुढं वजन जास्त आणि २५ला लठ्ठपणा. मोबाईलमधली कितीतरी अ‍ॅप अजून २४.९पर्यंत हिरवा रंग दाखवतात, त्यावर जाऊ नका. साडेपाच फुटांच्या माणसासाठी २३ म्हणजे ६५ किलो. हा आकडा सांगितला की कोल्हापुरात लोक माझ्याकडे दयेनं बघतात. "पासष्ट? म्हणजे पार वाळून जायचं की हो!" आपल्या डोळ्यांना ऐंशी किलोची सवय झालीय, त्याला पासष्ट काय करणार?

बरं, एवढा बीएमआयचा राग असेल तर तो सोडून द्या. टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०च्या आत हवी. इंचांत सांगायचं तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. इथं लगेच उत्तर येतं, "माझी पँट अजून चौतीसच आहे." असेल. कारण ती पँट वर्षागणिक पोटाखाली सरकत गेलीय. साडीची आणि सलवारीची नाडी तर कधीच तक्रार करत नाही. मापायची जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधली, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी दोरी घ्या, ती दुमडून निम्मी करा आणि पोटाभोवती धरा. टोकं जुळली नाहीत तर पोट जास्त आहे. दोरीला स्नायूंची सबब सांगता येत नाही, कारण कुठल्याही व्यायामानं पोट असं पुढं येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ निघाले २८.६ टक्के प्रौढ, आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के. दोन्हींतलं अंतर बघा. एवढे लोक काट्यावर सुटतात आणि टेपवर सापडतात. त्याच पाहणीचा अंदाज आहे की देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींवर गेलेत.

वयाच्या नावावर खपणारे समजही थोडे नाहीत. "चाळिशीनंतर शरीराची भट्टीच मंदावते, वजन वाढणारच." २०२१मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या, २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात असं दिसलं की शरीराचा आकार आणि घडण हिशेबात धरली तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. उतार सुरू होतो तो साठीनंतर, तोही वर्षाला एका टक्क्याहून कमी. चाळिशीत मंदावतो तो माणूस. "लग्नातला कोट अजून बसतो, वजन तेच आहे." वजन तेच असेल, माणूस तोच नाही. तिशीनंतर व्यायामाविना दर दहा वर्षांत स्नायू ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि ती जागा चरबी घेते. काट्याला यातलं काही समजत नाही.

"माझी हाडंच जड आहेत." सांगाड्यातला फरक फार तर एक-दोन किलोंचा, पंधराचा नव्हे. "भात सोडला, भाकरीवर आलो." तांदूळ आणि ज्वारी, दोन्हींत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. भाकरीत तंतू जास्त, ती जरूर खा, पण चार खाल्ल्या तर ती भाकरीच राहते. "घाम गेला म्हणजे चरबी गेली." गेलं ते पाणी, तांब्याभर प्यायलात की परत. गरम पाण्यात मध घातल्यानं वजन उतरत नाही, पाण्यात साखर जाते. आणि रंकाळ्यावरच्या अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च होतात सव्वाशेच्या आसपास कॅलरी. त्यानंतर कट मागवून खाल्लेली मिसळ आणि चार स्लाइस या हिशेबात कुठंच बसत नाहीत. मिसळ खा, मीही खातो, फक्त ती चालण्याचं बक्षीस आहे असं समजू नका.

एक गैरसमज मात्र एका ओळीत उडवण्याजोगा नाही, कारण तो माझ्यासारखा कंबर मोजा, वजन घटवा असं सांगणाराच नकळत पसरवतो. तो म्हणजे कुठल्याही वयात वजन उतरलं की चांगलंच. ६५च्या पुढच्या जवळपास दोन लाख लोकांवरच्या ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४मध्ये निघाला. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले, पण त्यात दिसलं ते असं की बीएमआय २३च्या खाली जाईल तसा मृत्यूचा धोका वाढत गेला आणि २५च्या थोडं वर असणाऱ्यांचा वाढला नाही. शिवाय म्हातारपणी उंची घटते. १५५ सेंटिमीटरच्या, ५५ किलोच्या बाईचा बीएमआय २२.९. पंचाहत्तरीत तिची उंची १५१ झाली, तर वजन तेवढंच राहूनही तो २४.१ होतो आणि घरचे म्हणतात, "आजी, रात्रीचं जेवण बंद करा आता."

बंद करू नका. सत्तरीच्या माणसाला २३च्या रेघेमागं पळवायचं नसतं, त्याचे स्नायू राखायचे असतात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर किलोमागं रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत. नेमकं याच वयात आपल्याकडं अंडी-मटण सुटतं आणि रात्री दूध-भातावर भागवलं जातं. तालमीतून घरी आणण्यासारखी गोष्ट खुराक नव्हती, बैठका होत्या. खुर्चीला धरून, झेपतील तितक्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. ताकद बघायची तर हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार बारा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर स्नायूंकडं लक्ष द्यायची वेळ आली.

आणि घरातल्या साठ किलोच्या वडिलांचं वजन काही न करता सहा महिन्यांत सत्तावन्न झालं, तर "बाबा, बारीक झालात, छान दिसता" म्हणू नका. प्रयत्नाविना पाच टक्के वजन घटणं ही डॉक्टरकडं नेण्याची खूण आहे. त्याच आठवड्यात न्या.