आम्ल दबले, झडपेचे काय?

आम्लपित्तावर आज औषधांचा तुटवडा नाही. आम्लाची निर्मितीच रोखणारे ओमेप्राझोल १९८८ साली बाजारात आले. त्याची भावंडे आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. छातीतली जळजळ त्यांनी शमते, हे निर्विवाद. परंतु आम्ल घशाशी येणे हा आम्लाच्या आधिक्यापेक्षा झडपेचा प्रश्न आहे, ही गोष्ट सर्वसामान्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

अन्ननलिका व जठर यांच्या सीमेवर स्नायूंचे एक कडे असते. ते कायमचे दुबळे झाल्यानेच आम्ल वर येते, असा पूर्वी समज होता. जॉन डेंट, वायली डॉड्स आदी संशोधकांनी १९८० ते १९८२ या काळात दाखवून दिले की, एरवी घट्ट असलेले हे कडे, घास गिळलेला नसतानाही, अधूनमधून काही सेकंद सैल पडते. जेवणाने जठर ताणले की व्हेगस मज्जातंतूतून मेंदूकडे संदेश जातो आणि त्याच वाटेने झडप सैल करण्याचा आदेश परततो.

मग हा आदेशच अडवता येईल काय? मित्तल, हॉलोवे व डेंट यांनी निरोगी व्यक्तींवर केलेला ॲट्रोपिनचा प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. या औषधाने झडपेचा ताण कमी होतो. तेव्हा आम्ल अधिकच वर यावे, असे कुणासही वाटेल. घडले उलटेच. झडप अवचित उघडण्याचे प्रसंग घटले आणि आम्लाचे वर येणेही घटले. मात्र तोंडाला कोरड व छातीत धडधड आणणारे औषध रोज कोण घेणार? स्नायूंच्या ताठरपणावरील बॅक्लोफेननेही हेच साधले, पण झापड व चक्कर यांच्या मोबदल्यात. त्याच जातीच्या लेसोगाबेरानसारख्या नव्या औषधांचा लाभ बेताचाच ठरला व कंपन्यांनी २०११ च्या सुमारास तो नाद सोडला.

यात अर्थशास्त्राचा धडा आहे. स्वस्त गोळी बहुसंख्यांची जळजळ शमवीत असता, मूळ कारणावरील खर्चिक संशोधनात नफ्याची आशा थोडी. गोळीने ज्यांचे भागत नाही, ते रुग्ण बाजाराच्या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्यासाठी सार्वजनिक निधीतूनच संशोधन चालले पाहिजे.

तोवर बेताचे जेवण, जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे आणि पलंगाची उशाकडील बाजू उंच ठेवणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. गोळी मात्र वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेऊ नये. ती किती दिवस घ्यावी, हे वैद्यकीय तज्ज्ञाला विचारणे हा रुग्णाचा हक्कच होय.